एकशे आठ वर्षांचा वाडा, सात खोल्या आणि चार वर्षांचे कागद

आमच्या वाड्याच्या गणेशपट्टीवर 'शके १८३९' असं कोरलेलं आहे. म्हणजे इसवी सन १९१७. गेल्या महिन्यात, नोव्हेंबर २०२५ मध्ये, या वाड्याला केंद्रीय पर्यटन मंत्रालयाचं 'हेरिटेज बेसिक' हॉटेल म्हणून वर्गीकरणाचं प्रमाणपत्र मिळालं. या सगळ्याची सुरुवात २०२१ च्या गणपतीत झाली होती. त्या वेळी मी मराठीत या विषयावर काही वाचायला मिळतं का म्हणून खूप शोधलं. राजवाडे, संस्थानिक, मोठे उद्योगसमूह यांच्याविषयी भरपूर सापडलं. अकरा वारसदार असलेल्या, मागची भिंत पडलेल्या घराचं काय करायचं, हे कुठे सापडलं नाही. म्हणून हे लिहिते आहे.

भिंत पडली ती जुलै २०२१ च्या पावसात. कृष्णाकाठचं आमचं तालुक्याचं गाव, वाडा एकचौकी, दुमजली. आत राहणारं माणूस एकच, माझी ऐंशी वर्षांची काकू. सप्टेंबरात गणपतीला सगळे जमलो तेव्हा नुसती ती भिंत उभी करायला नऊ लाख सांगितले होते, आणि दारात एका बिल्डरचा माणूस दोनदा येऊन गेला होता. चुलतभाऊ म्हणाला, विकूया. मी म्हटलं, एक वर्ष द्या. हॉटेलची कल्पना मांडली तेव्हा कुणी हसलं नाही, पण कुणी हो पण म्हटलं नाही. काकूनं एवढंच विचारलं, "मग मी कुठं निजायचं गं?"

तिची माजघराशेजारची खोली आणि देवघर सोडून बाकीचा विचार करायचा, हे त्याच रात्री ठरलं. पुढे आराखडा चार वेळा बदलला, ते मात्र बदललं नाही.

आधी नियम समजून घेतले. हेरिटेज हॉटेलच्या वर्गात येण्यासाठी इमारत १९५० पूर्वीची असावी लागते, दर्शनी भागात मोठा बदल झालेला नसावा लागतो आणि भाड्यानं द्यायच्या किमान पाच खोल्या लागतात. वरच्या 'क्लासिक' आणि 'ग्रँड' श्रेणींना बांधकाम १९३५ पूर्वीचं आणि खोल्या किमान पंधरा. वयाच्या हिशेबात आम्ही वर बसत होतो, खोल्यांच्या हिशेबात नाही. पंधरा खोल्या काढायच्या तर दिवाणखान्यात फळ्या मारून कप्पे करावे लागले असते. तो विचार पाच मिनिटांत सोडून दिला.

वाडा १९५० पूर्वीचा आहे हे दाखवायला कोरीव आकडा पुरेल असं मी धरून चालले होते. आकडा कुणीही कधीही कोरू शकतो, त्यामुळे त्याच्या जोडीला कागद गोळा करत गेले. नगर भूमापनाच्या चौकशी नोंदवहीचा उतारा काढला, घरपट्टीच्या जुन्या नोंदींच्या नकला घेतल्या, आणि काकूच्या ट्रंकेत १९३१ ची एक पावती सापडली. तुमच्या घरी अशी ट्रंक असेल तर दुरुस्तीला हात लावण्याआधी ती उघडा. कामगार आले की कागद कुठे जातात ते कळतही नाही.

मग आलं वारसांचं काम. ऑक्टोबर २०२१ मध्ये मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, काढली, तर तिच्यावर अजून आजोबांचंच नाव. आजोबा १९७४ साली गेले. अकरा वारसांची नावं लागायला सात महिने गेले: मृत्यूचे दाखले, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, नोटिसा, आणि एका आत्याच्या नावाचं स्पेलिंग तीन कागदांवर तीन प्रकारे. एक चुलतबहीण अमेरिकेत. तिनं भारतीय वकिलातीत जाऊन मुखत्यारपत्र साक्षांकित करून पाठवलं. परदेशात केलेला असा दस्त भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं. आम्हाला हे कळलं तेव्हा अडीच महिने उलटून गेले होते. पाकीट आलं त्याच दिवशी त्यावर तारीख लिहून ठेवा आणि पाकीट टाकू नका.

बाकीच्यांचे हिस्से विकत घेणं कुणालाच परवडणारं नव्हतं, म्हणून सर्वांनी मिळून वाडा हॉटेल चालवणाऱ्या आमच्या भागीदारी संस्थेला पंधरा वर्षांच्या नोंदणीकृत भाडेपट्ट्यानं दिला. भाडेपट्ट्याची मुदत जितकी लांब, तितकं मुद्रांक शुल्क जास्त मूल्यावर लागतं. पाच वर्षांपर्यंत बाजारमूल्याच्या १० टक्क्यांवर, दहापर्यंत २५ टक्क्यांवर, दहा ते एकोणतीस वर्षांना ५० टक्क्यांवर, आणि त्यापुढे ९० टक्क्यांवर. दहा वर्षांचा करून पैसे वाचवावे असा मोह झाला होता, पण बँकेला कर्जाच्या मुदतीपेक्षा लांब भाडेपट्टा हवा होता. बँकेनं मालकीच्या नोंदी तपासणारा तीस वर्षांचा शोध अहवालही मागितला. ही सगळी कागदपत्रं एका वकिलांकडून करून घेतली. फी एक लाख दहा हजार झाली, आणि या सबंध प्रवासातला तो सगळ्यात सार्थकी लागलेला खर्च होता.

आता माझी चूक सांगते, कारण तिनं आमचे आठ महिने खाल्ले. जानेवारी २०२२ मध्ये, वारसनोंदी चालू असतानाच, मी मागची भिंत बांधायला काढली. काकूला थंडी लागत होती, आणि आपल्याच घराची पडलेली भिंत बांधायला कुणाला विचारायचं, असं मला वाटलं. भिंत आम्ही विटा-सिमेंटची बांधली, आणि हात लागलाच आहे म्हणून तिथे दोन न्हाणीघरांचा पायाही घातला. परवानगीविना नवं बांधकाम केल्याची नोटीस आली. ती नोटीस रास्तच होती. काम थांबलं, खुलासा द्यावा लागला, पाया उखडावा लागला. तीन लाख वीस हजार रुपये गेले. पैशांपेक्षा मला लागलं ते चुलतभावाचं गप्प बसणं. तो तेव्हा काही बोलला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर जे आधी करायला हवं होतं ते केलं: जुन्या इमारतींचं जतन करणाऱ्या, पुण्याच्या एका वास्तुविशारद ताईंना बोलावलं. पहिल्या भेटीत त्या दोन तास कुणाशी न बोलता वाड्यात फिरल्या. भिंतींवर हात ठेवत, तुळयांची टोकं टोच्यानं टोचत. मग म्हणाल्या, "सागवान अजून शंभर वर्षं जाईल. तुमचा वाडा सिमेंट खातंय."

१९८० च्या सुमाराला बाबांनी आणि काकांनी हौसेनं आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. पांढऱ्या मातीच्या भिंतीत जमिनीतून ओल चढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून ती बाहेर निघून जाते, भिंत श्वास घेते म्हणतात ते हेच. सिमेंटनं ती वाट बंद केली. ओल आत कोंडली, वर चढत तुळयांच्या टोकांपर्यंत गेली, आणि भिंतीत दडलेली ती टोकं कुजली. बाहेरून सगळं ठणठणीत दिसत होतं. अठ्ठावीसपैकी नऊ तुळयांची टोकं हातानं कुस्करता येत होती. वाड्यांच्या भिंती 'म्हाताऱ्या झाल्या म्हणून' पडतात असं आपण म्हणतो. आमची भिंत आमच्याच दुरुस्तीनं पडली होती. हे ऐकल्यावर मला त्या रात्री झोप लागली नाही. बाबांना आता कुणी सांगणारही नव्हतं, आणि ते बरंच होतं.

नव्या आराखड्याला, राहत्या घराचा वापर बदलून निवासी हॉटेल करायच्या परवानगीसह, मंजुरी मिळाली मार्च २०२३ मध्ये. सगळ्यात अवघड गेला तो अग्निशमनाचा ना-हरकत दाखला. लाकडी इमारत, वरच्या मजल्याला एकच जिना, तोही भिंतीतला, अडीच फुटांचा, आणि अंधारा. तो जिना मला फार प्रिय आहे. आम्ही सगळी भावंडं त्याच्या चौथ्या पायरीवर बसून आंबे खात असू. पण रात्री दोन वाजता धूर झाला तर अनोळखी पाहुण्याला तो सापडणार नाही, हे नाकारता येत नव्हतं. शेवटी मागच्या बाजूला, दर्शनी भागातून दिसणार नाही असा दुसरा लोखंडी जिना केला. प्रत्येक खोलीत धूर ओळखणारी यंत्रं आणि चौकाच्या मागे वेगळी पाण्याची टाकी आली. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे परवानाधारक एजन्सीकडून काम करून तसा दाखला, म्हणजे 'फॉर्म अ', घ्यावा लागतो, आणि मग दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये यंत्रणा चालू असल्याचा 'फॉर्म ब' द्यावा लागतो. तो जिना आणि यंत्रणा मिळून अकरा लाख लागले. माझ्या अंदाजपत्रकात या रकान्यात दीड लाख होते.

चुन्याचं काम पाऊस संपल्यावर, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, २५ ऑक्टोबर २०२३ ला सुरू झालं. आधी सिमेंट खरवडून काढायलाच दोन महिने गेले होते, आणि भिंती सगळा उन्हाळा उघड्या सुकत ठेवल्या होत्या. चुनकळी विझवून टाकीत पाण्याखाली मुरवली. मग घाणी. गवंडी मामांनी परसात दगडी चाकाची घाणी उभी केली आणि तीत चुना, वाळू, विटेची पूड घोटली. गूळ आणि हिरडा भिजवलेलं पाणी घातलं, बेलफळाचा गरही. त्या दिवसांत सबंध आळीला एक गोडसर आंबूस वास येत असे. मामा रोज सकाळी चुना बोटांवर घेऊन बघत आणि बऱ्याचदा म्हणत, "आज नाही, ताई. अजून घोटू दे." मला बँकेच्या व्याजाचे दिवस दिसत असत, त्यांना चुना दिसत असे. त्यांचंच खरं होतं. एक थर लावायचा, ओला ठेवायचा, तो धरला की पुढचा. चार महिन्यांचं काम सात महिने चाललं आणि एकोणीस लाखांत झालं. पण पुढच्या पावसाळ्यानंतर माजघराच्या भिंतीला हात लावला तेव्हा ती कोरडी होती. माझ्या आठवणीत ती भिंत कधीच कोरडी नव्हती.

न्हाणीघरांचा प्रश्न मात्र शेवटपर्यंत छळत राहिला. पाहुणा सात हजारांच्या आत-बाहेर पैसे मोजणार, तर त्याला खोलीला जोडून स्वच्छ संडास-बाथरूम आणि चोवीस तास गरम पाणी हवंच. पण वरची जमीन कडीपाटाची, म्हणजे तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या आणि त्यावर मातीचा थर. तिच्यावर पाणी खेळवणं म्हणजे त्याच तुळया पुन्हा कुजवणं. ताईंनी तोडगा काढला तो असा: वरच्या तीन खोल्यांची न्हाणीघरं वाड्यात घ्यायचीच नाहीत. मागे पडलेल्या गोठ्याच्या जागी स्वतंत्र पायावर दगडी जोत्याचा दुमजली भाग बांधायचा, एकावर एक न्हाणीघरं ठेवायची आणि प्रत्येक खोलीच्या मागच्या जुन्या खिडकीचं दार करून तिथे जायचं. पाणी आणि त्याचं वजन नव्या भागात राहतं, जुनं लाकूड कोरडं राहतं. पाइप भिंतीत गाडले नाहीत, उघडे ठेवले. गळलं तर त्याच दिवशी दिसतं. तुम्ही असं काम काढणार असाल तर पाहुण्याच्या डोळ्यांना पाइप दिसू नयेत म्हणून ते गाडण्याचा आग्रह कुणी धरला तरी ऐकू नका.

वातानुकूलनावरून घरात भांडण झालं. चुलतभावाचं म्हणणं, अडीच फुटी भिंतींच्या घरात एसी लावणं म्हणजे वाड्याचा अपमान. माझं म्हणणं, मे महिन्यात वरच्या मजल्यावर पत्रा तापतो तेव्हा कुणी भिंतींची जाडी मोजत नाही. त्याआधी आम्ही पुण्याजवळच्या जाधवगडावर एक रात्र मुद्दाम राहून आलो होतो. पिलाजी जाधवरावांनी १७१० मध्ये बांधलेली ती गढी आता हॉटेल आहे. दगडी तटाच्या आत आधुनिक सोयी कशा बसवल्यात ते भाऊ बारकाईनं बघत होता, पण मत बदललं नव्हतं. ते बदललं ताईंच्या एका बोलण्यानं. त्या म्हणाल्या, मुंबईचं ताज १६ डिसेंबर १९०३ ला उघडलं तेव्हा समोर गेटवे ऑफ इंडिया नव्हतं, ते १९२४ चं. पण हॉटेलात वीज होती, जर्मन लिफ्ट होत्या, अमेरिकन पंखे होते. त्याचा आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. त्या माणसांनी घुमट आणि सज्जे घडवताना आपल्या काळातली सगळ्यात नवी सोय आत आणली, आणि कुणाला त्यात विसंगती वाटली नाही. "तुमच्या पणजोबांना १९१७ साली एसी मिळाला असता तर त्यांनी तो लावला असता. फक्त कुठे लावला असता ते आपण शोधायचं." आम्ही ती जागा शोधली. बाहेरची यंत्रं नव्या भागाच्या गच्चीवर आणि आतली लाकडी जाळीमागे. चौकात आवाज येत नाही. तळमजल्याच्या चार खोल्यांपैकी दोन खोल्यांत एसी लावलाच नाही, आणि उन्हाळ्यातही त्या दोन खोल्या आधी भरतात.

बाकीच्या परवान्यांविषयी थोडक्यात. जीएसटी नोंदणी पंधरा दिवसांत झाली. अन्न परवाना, दुकाने व आस्थापना नोंदणी, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती हे एकमेकांच्या मागे लागून चार महिन्यांत आटोपलं. विजेचं मीटर घरगुतीचं व्यावसायिक, थ्री-फेज करून घेतलं. महाराष्ट्रानं आदरातिथ्य क्षेत्राला उद्योगाचा दर्जा दिल्यामुळे १ एप्रिल २०२१ पासून पात्र हॉटेलांना औद्योगिक दरानं वीज मिळू शकते. पण ती आपोआप मिळत नाही, पर्यटन विभागाकडे नोंदणी करून अर्ज करावा लागतो. आम्हाला हे पाच बिलं भरल्यावर समजलं.

एकूण खर्च एक कोटी अडतीस लाख. त्यातले साठ लाख कर्जाचे. हा आकडा लिहिताना अजून पोटात गोळा येतो.

३० मार्च २०२५ ला, गुढीपाडव्याला, दिंडी दरवाजा पाहुण्यांसाठी उघडला. खोलीचं भाडं ६,८०० रुपये ठेवलं. तेव्हा साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर १२ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबरपासून तो ५ टक्के झाला, पण खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळणं बंद झालं. पाहुण्याला स्वस्त पडतं, आम्हाला हिशेब नव्यानं मांडावा लागला.

वर्गीकरण चालू हॉटेलचंच होतं, म्हणून अर्ज उघडल्यानंतर केला. मंत्रालयाच्या 'निधी' पोर्टलवर नोंदणी, मग कागदपत्रं चढवणं. मी सगळे दाखले एकाच धारिकेत, अनुक्रमणिका करून ठेवले होते, त्यामुळे त्रुटी एकच निघाली: एका नकाशावर सही पुसट होती. समिती सप्टेंबरात आली. मला वाटलं होतं, कोरीवकामाविषयी विचारतील, म्हणून मी पणजोबांची सगळी हकीकत पाठ केली होती. त्यांनी आधी स्वयंपाकघरातला फ्रीज उघडला. मग कर्मचाऱ्यांची न्हाणीघरं, गाद्या, अग्निशामकांवरच्या तारखा पाहिल्या. चाकाच्या खुर्चीवरच्या पाहुण्यासाठी खोली कोणती आणि उतार कुठे, हेही पाहिलं. तो उतार आम्ही काकूसाठी केला होता. तिचे गुडघे गेल्यापासून जोत्याच्या तीन पायऱ्या तिला होत नव्हत्या. अपंग पाहुण्याची खोली म्हणून जी आखली, तिच्या दाराची रुंदी काकूच्या वॉकरवरून घेतली होती.

जेवणाविषयीही विचारलं, कारण हेरिटेज हॉटेलात त्या भागातलं पारंपरिक जेवण मिळावं अशी अपेक्षा असते. आमच्याकडे लांबलचक मेन्यू नाही. ज्वारीची भाकरी, पिठलं, भरली वांगी, खर्डा, सणाला पुरणपोळी. समितीतल्या एका बाईंनी भाकरीचं पीठ कुठून दळून आणता ते विचारलं आणि लिहूनही घेतलं. ते का लिहून घेतलं असेल याचा मी अजून विचार करते. त्या दिवशी संध्याकाळी सगळे गेल्यावर मी चौकात तुळशीवृंदावनाच्या कट्ट्यावर बसून खूप रडले. चुलतभाऊ शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "पाया उखडला तेव्हा मी बोलायला हवं होतं." साडेतीन वर्षांनी.

प्रमाणपत्र नोव्हेंबरात आलं. पाच वर्षांसाठी आहे.

एक शेवटची सूचना, जी मला कुणी दिली नव्हती. परदेशी पाहुणा आला की चोवीस तासांच्या आत त्याची माहिती, 'फॉर्म सी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अर्जात, सरकारला ऑनलाइन कळवावी लागते. पासपोर्ट आणि व्हिसाचे फोटो तो दारात असतानाच काढून घ्या. आमचा पहिला परदेशी पाहुणा रात्री दहाला पोहोचला, थकलेला होता, म्हणून मी सकाळी मागेन म्हटलं. तो पहाटे पाचला गड चढायला निघून गेला. मी दिवसभर फोनजवळ बसून. काकूचा प्रश्न वेगळाच होता: "उपाशी गेला का गं तो?" तेव्हापासून पहाटे निघणाऱ्यासाठी रात्रीच दशम्यांचा डबा भरून ठेवतो, आणि कागद आधी घेतो.

जानेवारीचा 'फॉर्म ब' द्यायचा आहे. एजन्सीचा माणूस सोमवारी येतोय.